पालथी बादली

"ताई, अजून किती वर घ्यायची कडी?" ड्रिल खाली ठेवत सुतारकाकांनी विचारलं.

दाराकडे बघितलं. कमरेशी जुन्या कडीची चार भोकं, लांबी भरून बुजवलेली. वर माझ्या खांद्याशी आत्ताची कडी. लेक चालायला लागली तेव्हा काकांनीच चढवून दिलेली, बाथरूममध्ये कोंडून घेईल म्हणून.

आज सकाळी तिने घेतलंच कोंडून! बाहेर आमची धावपळ. सासूबाईंचं रामरक्षा आणि रडणं एकाच वेळी. मी दार तोडायच्या बेतात. एवढ्यात कडी सरकली. पालथ्या बादलीवर उभी, चवड्यांवर, साबणाचे हात.

"मला उघडता येत होतं. आजी रडली म्हणून उघडलं."

साडेतीन वर्षांची आहे हो!

काकांना सगळं सांगितलं तर ते हसतच सुटले. म्हणाले, "मग कडी खालीच घेऊ की. निदान बादलीवरून पडायची तरी नाही."

मला पटकन हो म्हणवेना. काकांनी ढिला स्क्रू आवळला, चहा घेतला, पैसे काही घेतले नाहीत.

कडी अजून वरच आहे. बादली तेवढी मी बाल्कनीत नेऊन ठेवलीय.

तुमच्याकडे सध्या कितव्या फुटावर आहे कडी?