तुम्ही विचारलंत म्हणून: पाच हजार लोकांच्या भाषेत एवढं काय असतं

लग्नात, ट्रेनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगनंतर, कुठेही भेटले की लोक हेच विचारतात. "ती तुझी पापुआ न्यू गिनीतली अमेले, बोलणारे जेमतेम पाच हजार, त्यात एवढी वर्षं शिकण्यासारखं काय असतं गं?" विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, की माणसं थोडी म्हणजे भाषाही थोडीशीच. मी आजवर विषय बदलत आलेय. आज नाही बदलणार.

आधी एक आवाज करून बघा. 'ग' साठी जीभ मागे टेकवा, त्याच वेळी 'ब' साठी ओठ मिटा आणि दोन्ही एकदम सोडा. आपल्या 'दिग्बंधन'मध्ये आधी ग् येतो मग ब येतो, तसं नाही, इथे दोन्ही मिळून एकच व्यंजन आहे. रोमन लिपीत ते 'क्यू' या अक्षराने लिहितात आणि 'सी' हे अक्षर घसा क्षणभर बंद करण्यासाठी ठेवलंय, त्यामुळे पुस्तक उघडून सरळ वाचत गेलात तर निम्मं चुकतं. माझं पहिलं वर्ष असंच चुकलं. तो, ती, ते या तिन्हींना मिळून एकच 'उग्बा', लिंगभेद नाही. पण 'आम्ही दोघं' वेगळं (एले) आणि दोनपेक्षा जास्त असू तर वेगळं (एगे). संस्कृतातलं द्विवचन आपण मराठीत कधीच सोडून दिलं, तिथे ते रोजच्या बोलण्यात आहे. उलट 'तुम्ही दोघं' आणि 'ते दोघं' यांना एकच शब्द, 'आले'. आणि आपला 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद अमेलेत नाही. तो टोक पिसिन या तिथल्या दुसऱ्या भाषेत सापडतो, 'युमी' आणि 'मिपेला'.

आता क्रियापद. जॉन रॉबर्ट्स यांच्या 1987च्या अमेले व्याकरणाच्या पुस्तकामुळे भाषाशास्त्रवाल्यांना पाठ झालेलं एक वाक्य आहे, 'हो बुसलेएब दाना आगे ग्बोइगा' (बुसलेएबमध्ये दोन ए-च्या मधे घसा बंद होतो). डुक्कर पळून बाहेर आलं आणि माणसांनी ते मारलं. यातल्या पहिल्या क्रियापदातच खूण आहे की पुढच्या क्रियापदाचा कर्ता बदलणार आहे, म्हणजे ऐकणाऱ्याला वाक्य संपायच्या आधीच कळतं की पळणारं एक आणि मारणारे दुसरे. कर्ता तोच राहिला असता तर रूपच दुसरं आलं असतं. आपल्याकडे याचा एक तुकडा आहे, 'जाऊन', 'खाऊन' मधला ऊन. 'मी घरी जाऊन जेवले' चालतं, पण 'डुक्कर पळून माणसांनी मारलं' म्हटलं की कानाला खटकतं ना? मराठीने अर्ध्या वाटेवर सोडलेली गोष्ट अमेलेने शेवटपर्यंत नेलीय. शिवाय 'ग्बोइगा'च्या शेवटच्या 'आ' मध्ये 'आज घडलं' हेही आलं, कारण आजचा भूतकाळ वेगळा, कालचा वेगळा, त्याच्याही आधीचा वेगळा. आपण नुसतं 'मारलं' म्हणून सुटतो, तिथे कधी मारलं ते क्रियापदातच सांगावं लागतं.

हे सगळं मी आनंदाने सांगू शकते. पण एक गोष्ट सांगायला मला अजून जड जातं.

काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी मला व्याख्यानाला बोलावलं होतं. लोक यावेत म्हणून विषयाचं नाव मी स्वतः दिलं, 'जिथे देणे हे क्रियापदच नाही'. खोटं नव्हतं ते. अमेलेत 'देणे' ला धातूच नाही, म्हणजे तिथे काही उच्चारलंच जात नाही, नुसते प्रत्यय येतात. 'नाउस देगे हो उतेन', नाउसने देगेला डुक्कर दिलं. यातलं 'उत' म्हणजे त्याला, 'एन' म्हणजे त्याने, पूर्वी कधीतरी, आणि देण्याच्या जागी काहीच नाही. मी हे फळ्यावर लिहिलं, त्या रिकाम्या जागेवर मोठं शून्य काढलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "म्हणजे हे लोक कोणाला काही देतच नसणार!" सगळा हॉल हसला. आणि मीही हसले. थांबवलं नाही, तसं नाहीये म्हटलं नाही, उलट टाळ्या जास्त पडतायत हे लक्षात आल्यावर पुढची उदाहरणंसुद्धा तशीच सांगत गेले. ज्यांच्या वाक्यावर मी उभी होते त्या वाक्यात एक माणूस दुसऱ्याला डुक्कर देतोय, आणि डुक्कर ही तिकडे काय किमतीची भेट असते हे मला चांगलं माहीत होतं.

आई आली होती ऐकायला. रिक्षात तिने विचारलं, "उतेन मध्ये घेणारा आहे ना?" म्हटलं आहे. "आणि देणारा?" तोही आहे. "मग नाही काय त्यात?" घर येईपर्यंत मी काही बोलले नाही.

आता यावर माझं माझ्याशीच भांडण चालू असतं. तेव्हाची मी म्हणते, अगं धातू नाही हे खरंच विलक्षण आहे, ते झाकून काय मिळणार, आणि शीर्षक असं नसतं तर लोक आले असते का? ती अगदीच चूक नाही. आईचंही पूर्ण बरोबर नाही, कारण तिथे धातू नाही तो नाहीच, घेणारा-देणारा आहेत म्हणून ती जागा भरत नाही. पण 'नाही' हा शब्द मी ज्या सुरात उच्चारला होता तो सूर मला अजून ऐकू येतो. आणि लग्नात मला प्रश्न विचारणाऱ्यांवर मी चिडते तेव्हा आठवतं की त्या हॉलमधल्या लोकांना तो प्रश्न मीच शिकवून पाठवलाय.

मी मादांगला, म्हणजे अमेले बोलतात त्या भागात, कधी गेलेले नाही. जे शिकले ते पुस्तकातून आणि रेकॉर्डिंगमधून, त्यामुळे मी अमेले बोलते असं कोणी म्हटलं तर मी दुरुस्त करते. पण हेही सांगते की उपयोग काय हा प्रश्न मला विचारू नका, पळणारं कोण आणि मारणारे कोण हे एका प्रत्ययात कसं सांगतात ते कळल्यापासून मी मराठी वेगळ्या कानाने ऐकतेय आणि तेवढं मला पुरतं.

पुढच्या महिन्यात परत एका ठिकाणी बोलायचंय. मधल्या दोन व्याख्यानांत मी 'उतेन' काढूनच टाकलं होतं, तेही बरं वाटलं नाही. या वेळी फळ्यावर लिहायचं का, आणि लिहिलं तर ते शून्य काढायचं का, अजून ठरत नाहीये.