भारी पानं आणि मेंढीकोटची खोड : नऊ जणांच्या ऑनलाइन पोकरचा माझा अनुभव

पुण्यात पत्ते शिकलेला माणूस बहुतेक मेंढीकोट, लाडीस, झब्बू या वाटेनेच आलेला असतो. त्या वाटेवर एक खोड लागते. हुकूम दाबून ठेवायचा आणि दश्शी पडली की कापायचं. पोकरच्या छोट्या ऑनलाइन स्पर्धेत नेमकी हीच खोड महागात पडते. एक्क्यांची जोडी आली रे आली की बोट आपोआप 'कॉल'वर (समोरच्याने लावल्या तेवढ्याच चिप्स लावणं) जातं, कुणाला सुगावा लागू नये म्हणून. ही खोड मोडायला मला ज्या हिशेबांचा उपयोग झाला, ते इथे मांडतो.

आमचं टेबल कोथरूड-कर्वेनगरमधल्या नऊ जणांचं, ॲपवरचं, खासगी. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांवरचे ऑनलाइन खेळ पुरवायला बंदी घातली, त्यामुळे चिप्स फुकटच्याच. पहिल्या तिघांना ५०, ३० आणि २० गुण मिळतात आणि त्यांची बेरीज चालू राहते. गुण नसले की पहिल्याच डावात चौघे ऑल-इन जातात, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतात, आणि खेळाचा पोरखेळ होतो. प्रत्येकाला १५०० चिप्स, ब्लाइंड (दोघांनी पानं बघण्याआधी सक्तीने लावायच्या चिप्स, एक छोटा, एक मोठा) १०/२० पासून सुरू, दर सहा मिनिटांनी वाढ. तासाभरात निकाल.

या तासाभरात साधारण ६० ते ७० डाव वाटले जातात. प्रत्येकाच्या हातात दोनच पानं असतात, आणि अशा दोन पानांच्या एकूण १३२६ जोड्या होतात. त्यांत एक्के, राजे आणि राण्यांच्या जोड्या प्रत्येकी ६ आणि एक्का-राजा १६, मिळून ३४. म्हणजे ३९ डावांत सरासरी एकदा. पूर्ण स्पर्धेत अशी पानं दोनदा आली तर नशीब बरं म्हणायचं. एवढ्या दोन संधींत लपाछपी परवडत नाही.

सुरुवातीच्या ब्लाइंडला मी २० च्या तिप्पट रेझ करतो, म्हणजे बोली वाढवतो, आणि आधी नुसता कॉल करून आत आलेल्या प्रत्येकामागे आणखी २० घालतो. एक जण आत असेल तर ८०. जास्तीचे २० पॉट (मधे जमलेल्या चिप्स) फुगवायला असतातच, शिवाय गर्दी कमी करायलाही. एक्क्यांची जोडी कुठल्याही पानांच्या एका खेळाडूविरुद्ध ८५ टक्के वेळा जिंकते, तिघांविरुद्ध ६४ टक्के आणि पाचांविरुद्ध ५० टक्क्यांच्या जरा खाली. फुकटच्या चिप्सवर लोक ४० ला सर्रास कॉल करतात, त्यामुळे ४० चा रेझ म्हणजे गर्दीला आमंत्रणच. माझ्याआधी कुणी ८० केले असतील तर मी २५० करतो, नुसता कॉल नाही. राजांची जोडी असताना कुणाकडे एक्के असतील ही भीती नऊ जणांच्या टेबलावर साधारण ४ टक्केच खरी ठरते. त्या भीतीपोटी हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जास्त चिप्स मात्र पुढच्या टप्प्यात निसटतात. एकाने ८० ला कॉल केला की पॉट १९० चा होतो (दोघांचे ८० आणि ब्लाइंडचे ३०). फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली पहिली तीन पानं) १३० लावले आणि कॉल आला की ४५०. टर्नवर (चौथं पान) ३०० लावले आणि कॉल आला की १०५०, आणि माझ्याकडे उरतात ९९०. रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) ते सगळे आत जाऊ शकतात. आता फ्लॉपवर 'दाबून ठेवू' म्हणून चेक केलं, म्हणजे काही न लावता पाळी पुढे दिली, तर? टर्नला १३०, रिव्हरला ३००, पॉट तिथेच १०५० ला थांबतो आणि ते ९९० समोरच्याकडे सुखरूप राहतात. पॉट प्रत्येक फेरीला आधीच्या पॉटच्या मापाने वाढतो, त्यामुळे वगळलेली फेरी नंतर भरून निघत नाही. मेंढीकोटमध्ये हुकूम शेवटपर्यंत तेवढाच राहतो. इथे तो वाट बघताना झिजतो.

शिवाय फुकट पान दाखवण्याची किंमत वेगळी. टेबलावर दोन बदाम आणि समोरच्याकडे दोन बदाम असतील तर पुढच्या एका पानात त्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) साधारण १९ टक्के वेळा लागतो. १०० च्या पॉटमध्ये मी २० लावले तर त्याला १२० साठी २० घालायचे. १४ टक्के जिंकला तरी त्याचा खर्च निघतो, म्हणजे कॉल बरोबर. ७० लावले तर त्याला २९ टक्के हवेत, आणि तेवढे त्याच्याकडे नाहीत. टेबलावर नव्वी-अठ्ठी-सत्ती किंवा एकाच चिन्हाची दोन पानं दिसली की मी पॉटच्या दोन तृतीयांशाहून कमी लावत नाही. राजा-सत्ती-दुर्री असा विस्कळीत फ्लॉप असेल तर अर्धा पॉट पुरतो.

राण्यांची जोडी ही खरी डोकेदुखी. फ्लॉपवर एक्का किंवा राजा ४१ टक्के वेळा येतो. गुलामांच्या जोडीवर मोठं पान तर ५७ टक्के वेळा. अशा वेळी समोर एकच जण असेल तर मी एकदा अर्धा पॉट लावतो, कॉल आला की थांबतो. दोघं-तिघं असतील तर लावतच नाही. एक्का-राजा दिसायला राजबिंडा, पण ती जोडी नाही. फ्लॉपवर दोन तृतीयांश वेळा हाती काहीच लागत नाही. एकट्या माणसासमोर पॉटच्या तिसऱ्या हिश्शाची एक बोली, नंतर मुकाट चेक.

सोडायचं कधी, हेही ठरवून ठेवावं लागतं. संध्याकाळभर नुसता कॉल करणारा माणूस टर्नवर अचानक रेझ करतो, तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन जोड्या किंवा तीन सारखी पानं असतात. दोघांकडेही मोठ्या ब्लाइंडच्या पन्नासपट चिप्स शिल्लक असतील तर मी अशा वेळी एक्केसुद्धा टाकतो. कुणी याला भित्रेपणा म्हणेल, म्हणू दे. दहापट चिप्स उरल्या असतील तर मात्र टाकायचा प्रश्न नाही, पॉट आधीच तेवढा मोठा झालेला असतो.

एक अगदी घरगुती सूचना. वायफाय गेलं तर बहुतेक ॲप वेळ संपल्यावर आपली पानं टाकून मोकळं होतं, त्याला एक्के कळत नाहीत. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहावा, आणि कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला थांबून तर खेळूच नये.

ब्लाइंड ७५/१५० झाले आणि माझ्याकडे ३००० असले की हिशेब बदलतो. आता पहिला रेझ ३४० च्या आसपास. दुसऱ्याने ३५० केले असतील तर पुन्हा १००० करण्यात हशील नाही. स्टॅकचा (हाताशी असलेल्या चिप्सचा) तिसरा हिस्सा घालून मागे फिरता येत नाही, मग थेट ऑल-इन. १००/२०० ला २००० उरले तर सगळंच ऑल-इन, एक्केसुद्धा. बटणावरून (वाटणाऱ्याच्या जागेवरून) मी एक्का-अठ्ठी आणि राजा-राणीही तशाच ढकलतो. एक्क्यांना वेगळी वागणूक दिली की बाकीचे आठ जण दोन स्पर्धांत ओळखतात.

चौघे उरले आणि तिघांनाच गुण, तिथे मात्र भारी पानं हलकी होतात. समजा चौघांकडे सारख्याच, ३३७५ चिप्स आहेत. प्रत्येकाची किंमत १०० पैकी २५ गुण. ऑल-इनला कॉल करून जिंकलो तर चिप्स दुप्पट होतात, पण किंमत ५० होत नाही, पहिला, दुसरा, तिसरा येण्याच्या शक्यतांना त्या-त्या गुणांनी गुणलं की होते ३८.३. हरलो तर शून्य. ब्लाइंड बाजूला ठेवले तर कॉल परवडायला जिंकण्याची शक्यता ६५ टक्के हवी. समोरचा कुठलीही दोन पानं ढकलत असेल तर एक्का-राजा तिथे फरफटत पोचतो, राण्या आरामात पोचतात. तोच माणूस दश्शांच्या जोडीपासून वर आणि एक्का-राजा एवढ्यावरच ऑल-इन जाणारा असेल तर राण्या जेमतेम ५२ टक्के. टाकायच्या. राजांची जोडी काठावर, एक्के तेवढे निर्धास्त. हाच हिशेब उलटा फिरवला की कळतं, पहिला ऑल-इन आपण करावा आणि ६५ टक्क्यांचं ओझं समोरच्यावर टाकावं.

दोघेच उरल्यावर दुसऱ्याचे ३० गुण पक्के असतात आणि चिप्स पुन्हा सरळ मोजता येतात. बटणावर छोटा ब्लाइंड असतो आणि फ्लॉपआधी बोलायची पहिली पाळी त्याचीच. समोरचा प्रत्येक कॉलवर ऑल-इन ढकलणारा असेल, तर तिथे मी एक्क्यांवर नुसता कॉल करतो. तासाभरात मेंढीकोटची खोड उपयोगी पडते ती एवढ्या एकाच जागी.