दुसरीची सहल: एक तळं आणि ४२ मुलं

सहलीच्या पहिल्या यादीत चार ठिकाणं होती: संग्रहालय, बाग, अग्निशमन केंद्र आणि तळं. बस ठरवलीच आहे तर सगळंच उरकून घेऊ, असा एकंदर सूर होता. मी भांडून तीन खोडली. सात वर्षांच्या मुलांना एका दिवसात चार ठिकाणी फिरवलं की घरी जाऊन ती फक्त बसबद्दल बोलतात, हे आदल्या वर्षी बघून झालं होतं.

आठवडाभर आधी आम्ही दोघी जागा बघून आलो. काठावर पाय कुठे घसरतो, सावली किती वाजेपर्यंत टिकते आणि स्वच्छतागृहं किती आहेत. ती निघाली दोन. एका मुलाला दीड मिनिट धरलं तरी ४२ जणांना अर्ध्या तासाच्या वर लागणार. म्हणून सगळ्यांची एकच रांग न लावता गटागटाने पाठवायचं ठरवलं. तुम्ही जाल तेव्हा बाकी काही बघितलं नाही तरी हे नक्की बघून या.

सहा मुलांमागे एक मोठं माणूस, असे सात गट. चार पालक मदतीला आले होते. त्यांना मुद्दाम स्वतःच्या मुलाचा गट दिला नाही. दिला की उरलेली पाच पोरकी होतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव आणि फोन नंबर, मुलाचं नाव मात्र आतल्या बाजूला. परक्याने नावाने हाक मारली की या वयाचं मूल त्याला ओळखीचाच समजतं.

बस लागणारी मुलं पुढे बसवली, खिडकीतून लांबचं बघायला सांगितलं. तरी एकाला उलटी झालीच. कपड्यांचा जादा जोड जवळ ठेवा.

उतरल्यावर मोजणी ४१. दारात मी उभी, खाली दुसऱ्या बाई, आणि दोघींनाही वाटलं होतं की बस आतून समोरची बघेल. एक पठ्ठ्या मागच्या सीटवर गाढ झोपला होता. दोन मिनिटांत सापडला, पण ती दोन मिनिटं मी विसरणार नाही. तेव्हापासून नियम असा: प्रत्येक गटाने आपले सहा मोजायचे, आणि रिकामी बस शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन एकाच ठरलेल्या व्यक्तीने बघायची.

तिथे माहिती सांगणारे दादा हौशी होते, पण वीस मिनिटं बोलले. आठव्या मिनिटाला मुलं एकमेकांच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागली. आधीच फोन करून 'पाच मिनिटं बोला, मग प्रश्न घ्या' असं सांगायला हवं होतं.

खरी मजा ट्रेमुळे आली. पांढरे प्लास्टिकचे ट्रे नेले होते. मोठ्यांनी तळ्यातलं थोडं पाणी त्यात काढून दिलं. पांढऱ्यावर बारीकसारीक जीवही चटकन दिसतात. बेडूकमासे होते, काहींना मागचे पाय फुटलेले, पुढचे अजून नाहीत. "याचे हात कोणी काढले?" असा प्रश्न आला. मागचे पाय आधी दिसतात, पुढचे नंतर, आणि शेपूट हळूहळू जिरत जाते, हे सांगितल्यावर प्रत्येक ट्रेमध्ये पाय मोजायची शर्यतच लागली. ट्रे सावलीत ठेवा, जीव हातात घेऊ देऊ नका, थोड्या वेळाने होते तिथेच सोडा आणि नंतर सगळ्यांचे हात साबणाने धुवून घ्या.

लव्हाळ्याच्या एका काडीला तपकिरी किडा घट्ट चिकटून बसला होता. हलेना. भिंगातून बघितलं तर पाठ चिरलेली, आत पोकळ, आणि चिरेतून पांढरे दोरे बाहेर आलेले. चतुराची कात! चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं, मोठं झालं की काडीवर चढतं, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर पडतो. ते दोरे म्हणजे त्याच्या श्वासनळ्यांचं आतलं अस्तर. सगळ्यात गप्प असणारी मुलगी बराच वेळ भिंग धरून होती. मग म्हणाली, "बाई, म्हणजे आतला तो आत्ता इथेच उडत असेल?" सगळी मुलं वर बघायला लागली.

छापील प्रश्नपत्रिका नेल्या होत्या, त्या पिशवीतच राहिल्या. बरं झालं. दुसऱ्या दिवशी वर्गात चित्रं काढायला सांगितली, तर अकरा जणांनी तरीही बसच काढली. कात काडेपेटीत ठेवली आहे. रोज कोणी ना कोणी ती उघडायला लावतं. एक पाय मोडला आहे.