हसवणारा माणूस

“आमचे वडील रात्री इतके पिऊन येत, की गल्लीतली कुत्रीच त्यांना घरापर्यंत पोहोचवत,” असे सांगून आज एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या गटाच्या, खुल्या सभेत एका गृहस्थांनी सगळ्यांना खळखळून हसवले. उभे राहिले होते ते मात्र स्वतःच्या पिण्याविषयी बोलायला.

मीही हसलो. त्यांच्या पत्नी तेवढ्या पदराच्या टोकाची घडी घालत आणि पुन्हा उलगडत बसल्या होत्या.

दारुड्याच्या घरातले एखादे मूल विनोद फार लवकर शिकते, कारण वडिलांचा पारा चढण्याआधी हशा पिकवला तर एखाद वेळी जेवणाचे ताट भिरकावले जात नाही. पुढे तेच मूल स्वतः पिऊ लागले, की तोच विनोद बायकोचे प्रश्न टोलवायला कामी येतो. आमच्या घराने हे दोन्ही उपयोग पाहिले आहेत.

तरीही सभेतला हशा मला हवासा वाटतो, कारण लाजेपायी जे तोंडातून फुटत नाही ते त्या ओघात बोलले जाते. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, तेव्हा त्यांना पाठबळ होते ते पु. लं.चे, हे (उगाच असेल, पण) मला फार समर्पक वाटते.

तुमच्या घरी असे किस्से कोण सांगते, आणि ते ऐकताना कोण हसत नाही?