डोसच्या आधीचे पाच दिवस

औषधाची विषारीपणा तपासणाऱ्या अल्पकालीन टॉक्सिसिटी चाचणीत माईस (प्रयोगशाळेतले छोटे उंदीर) मेले की सगळ्यांचं बोट औषधाकडे जातं. घोळ मात्र बऱ्याचदा आधीच पिंजऱ्यात होऊन बसलेला असतो.

आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी-नीतिमत्ता समितीची, मंजुरी हातात आल्याशिवाय ऑर्डर देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. माईस आले की किमान ५ दिवस त्यांना नव्या जागी रुळू द्यायचं. ओईसीडी ४२३ या तोंडावाटे विषारीपणाच्या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतही हेच आहे. तापमान २२ अंश, अधिक-उणे ३. आर्द्रता शक्यतो ५० ते ६० टक्के. १२ तास उजेड, १२ तास अंधार. पुण्यात यातलं अवघड काय, तर जुलै. हवा दमट, तूस ओलसर, अमोनिया चढलेला. अशा वेळी बेडिंग, म्हणजे पिंजऱ्यातलं अंथरूण, नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न बघता बदलावं.

दुसरी अडचण गुरुवारची. देखभालीसाठी वीज गेली की लाइटचा साधा टायमरही थांबतो आणि परत आल्यावर थांबला तिथूनच पुढे चालतो. तीन तास वीज गेली तर माईसची रात्र तीन तास सरकली, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बॅटरी बॅकअपचा डिजिटल टायमर फार महाग नाही.

बेडिंगला भाताचं तूस किंवा कॉर्नकॉब (मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा चुरा), ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून. पाइन-देवदारचा भुसा नको; त्यातल्या तेलांमुळे यकृतातली एन्झाइम वाढतात आणि औषध वेगळ्याच वेगाने पचतं. पाण्याची बाटली लावल्यावर नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का बघा. हवेचा बुडबुडा अडकला तर बाटली भरलेली दिसते आणि पिंजरा तहानलेला राहतो. नर एकत्र ठेवायचे तर लहानपणापासून सोबत वाढलेलेच ठेवा, नाहीतर पाठीवरच्या जखमाही नंतर औषधाच्या खात्यात जमा होतात. माईस ओळखण्याच्या खुणेला पिक्रिक अ‍ॅसिडचा पिवळा रंग चालतो, पण बाटली कोरडी पडू देऊ नका. सुकलेलं पिक्रिक स्फोटक असतं.

सर्वांत जास्त चुका उपाशी ठेवण्यात होतात. रॅटचा (मोठ्या उंदराचा) प्रोटोकॉल तसाच उचलून माईसना रात्रभर उपाशी ठेवतात. माईस खातात मुख्यतः रात्री, त्यामुळे सकाळी वजन घसरलेलं, यकृतातलं ग्लायकोजेन (साखरेचा साठा) आणि ग्लुटाथायोन (विषारी घटक निकामी करणारं द्रव्य) कमी झालेलं. पॅरासिटामॉलसारखं औषध मग उगाचच जास्त विषारी दिसतं. माईसना सकाळी ३ ते ४ तास पुरे, पाणी चालूच. पिंजराही स्वच्छ हवा. कॉर्नकॉब आणि लेंड्या खाणाऱ्या माईसला उपाशी कसं म्हणायचं?

वजन उपाशी ठेवल्यानंतर करायचं आणि डोस त्याच वजनावर काढायचा. २५ ग्रॅमच्या माईसला ३०० मिग्रॅ प्रति किलोने ७.५ मिग्रॅ लागतात. १० मिली प्रति किलो धरलं तर ०.२५ मिली, म्हणजे द्रावण ३० मिग्रॅ प्रति मिली. सीएमसीमधलं (औषध तरंगत ठेवणाऱ्या दाट द्रावणातलं) सस्पेन्शन असेल तर दर वेळी सिरिंज भरण्याआधी हलवा, नाहीतर पहिल्या माईसला पाणी आणि शेवटच्याला गाळ.

गव्हाजची, म्हणजे तोंडातून थेट पोटात औषध घालायची, सुई बोथट गोल टोकाची घ्या, दातापासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत मोजून. अडली तर ढकलू नका, बाहेर काढून पुन्हा घाला. डोसनंतर १ ते २ तासांनी खाणं द्या. पहिला अर्धा तास नजर हलवायची नाही, पहिले ४ तास वरचेवर बघायचं, मग १४ दिवस रोज. काही मिनिटांतच नाकातून फेस येऊन माईस मेला, तर आधी फुप्फुसं उघडून बघा. त्यात द्रावण सापडलं, तर तो मृत्यू औषधाचा नाही, सुईचा. नोंदही तशीच करा.