नाव तिकडे, जनावर इकडे: भायखळ्यातला एक दिवस

राणीच्या बागेला, म्हणजे मुंबईतल्या भायखळ्याच्या प्राणिसंग्रहालयाला, पहिल्यांदा निघालो तो बुधवार होता. फाटक बंद, आणि त्याच आवाराला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. दोघांची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी. चूक माझीच, आधी बघितलं नव्हतं. पुढच्या खेपेला गुरुवार धरला, भाचीला सोबत घेतलं. शनिवार-रविवारही टाळता आला तर टाळा. पेंग्विन आल्यापासून त्या दोन दिवशी बागेत झाडांपेक्षा माणसंच जास्त दिसतात.

भायखळा स्थानकावर उतरल्यावर लगेच जिन्याकडे धावू नका. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी धावली त्या मार्गावरचं हे स्थानक. जुनी इमारत हल्लीच नीट केली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा वारसा-संवर्धन पुरस्कार मिळाला. पाच मिनिटं थांबून बघावी अशी आहे. पूर्वेला बाहेर पडलात की बाग चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

ऊन चढायच्या आत प्राणी उरकून घ्या. दुपारी वाघही झोपतो आणि मुलंही कुरकुरतात. माझं मत विचाराल तर बागेतलं खरं बघण्यासारखं म्हणजे झाडं. १८६२ पासूनची ही बाग. गोरखचिंचेचं ते फुगलेलं खोड, बुंध्यालाच फुलं लागणारा कैलासपती, आणि नशिबात असेल तर फुललेली उर्वशी. भाचीला अर्थातच पेंग्विन हवे होते. बघितले. थंडगार काचेपलीकडे पाच मिनिटं, संपलं.

संग्रहालय मात्र घाईत करू नका. १८७२ साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणून उघडलेली ही वास्तू. १९७५ मध्ये तिला भाऊ दाजींचं नाव मिळालं. आत शिरताच मान आपोआप वर जाते: सोनेरी नक्षी, रंगवलेलं छत, बिडाचे खांब. वरच्या मजल्यावर जुन्या मुंबईतल्या माणसांचे आणि त्यांच्या धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे मांडलेत. कुणाची पगडी कशी, कोण काय विकतो, यावर आमचा एक तास गेला. किमान दीड तास हाताशी ठेवा.

बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्याजवळ फोटो काढून निघून जातात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. यालाच बघून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, पण क्रेनने उचलताना तो पडून फुटला. तुकडे इथे आणले आणि १९१४ साली जोडले. सांधे अजून दिसतात. भाचीने बोट फिरवून मोजायला घेतले, तेव्हा मीच तिला मागे ओढलं.

दुसरा पाहुणा बागेच्या आवारात आहे. फोर्टातल्या ‘काळा घोडा’ या भागाला ज्याच्यामुळे नाव पडलं तो घोड्याचा पुतळा, पाठीवर इंग्लंडच्या राजा सातव्या एडवर्डसकट, १९६५ पासून इथे आहे. तिकडे २०१७ मध्ये नवा घोडा बसवला, स्वार नसलेला. बागेतल्या एका रखवालदाराला आम्ही “काळा घोडा कुठे?” असं विचारलं. तो म्हणाला, “चुकलात, चर्चगेटला उतरायचं होतं.” मग आपलं आपणच शोधलं. तुम्ही विचाराल तर ‘राजाचा पुतळा’ असं विचारा.

परतताना पाय टिकले तर भायखळ्याच्या उड्डाणपुलांच्या बेचक्यातला ‘खडा पारशी’ हा पुतळाही गाठा. उंच खांबावर हा शेटजी उभा आहे आणि खालून गाड्या वाहतायत. तिथे रस्ता ओलांडणं जिवावरचं काम आहे, तेव्हा लांबूनच बघा. आम्ही टॅक्सीतूनच बघितला. भाची विचारत होती, “मामा, हा पण दुसरीकडून आणलाय का?”