एक, देक, तुन... दहहतर

श्रीलंकेत आमच्या गाडीचा ड्रायव्हर गाडी सुरू करायच्या आधी आरशात बघून आम्हाला मोजायचा. "एक, देक, तुन, हतर, पह, हय, हत, अट..." असं पुटपुटत शेवटी मान डोलवायचा, "दहहतर!" म्हणजे चौदा. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्याच्याबरोबर मोठ्याने मोजायला लागलो. सिंहली भाषा आपल्याच कुळातली, हे मी शाळेत मुलांना शिकवलं होतं, पण कानांनी पटलं ते तेव्हा. आपला 'स' तिकडे बऱ्याचदा 'ह' होतो. सातचा हत, सहाचा हय. ते धन्यवादाला 'इस्तुती' म्हणतात, मिरचीला 'मिरिस' आणि मोठ्या बहिणीला अक्का. ड्रायव्हर मला पहिल्या दिवसापासून अक्का म्हणायचा आणि मी त्याला अय्या, म्हणजे दादा. वयाने तो माझ्याहून बराच लहान होता, पण तिकडे ते कोणी बघत नाही.

मी भंडाऱ्याची. तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत नागपूरच्या ओळखीच्या मंडळींबरोबर अकरा दिवस श्रीलंकेला जाऊन आले. 'निसर्ग आणि संस्कृती सहल' असं कागदावर लिहिलं होतं. त्यातल्या 'आणि'ने आमचं डोकं फिरवलं, ते पुढे सांगते.

आधी कागदपत्रं. त्या फेब्रुवारीत भारतीयांना व्हिसाची फी माफ होती, तरी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावीच लागत होती. चौदा जणांचे फॉर्म आमच्यातल्या एका हौशी काकांनी एका रात्रीत भरले. कोलंबोच्या विमानतळावर एका काकूंना खिडकीवरून बाजूला उभं केलं. पासपोर्ट क्रमांकातल्या शून्याच्या जागी काकांनी इंग्रजी 'ओ' टाकला होता. काकू घामाघूम, काका त्याहून जास्त. अर्ध्यापाऊण तासात ते निस्तरलं, पण तेवढ्या वेळात काकूंनी काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हा सांगून ठेवते, फॉर्म दुसऱ्याने भरला तरी प्रत्येक अक्षर आपल्या पासपोर्टशी आपणच ताडून बघावं. पासपोर्ट रोज जवळही ठेवावा. सार्क, म्हणजे आपल्या दक्षिण आशियातल्या, देशांच्या लोकांना बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त पडतं, पण पासपोर्ट दाखवल्याशिवाय नाही.

दुसऱ्याच दिवशी गाडीत दोन पार्ट्या पडल्या. पुढच्या सीटवर दुर्बिणीवाले, मागच्या सीटवर देवळंवाले. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीत, गल विहारात एकाच खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. तिथे देवळंवाल्यांना तासभर बसायचं होतं आणि दुर्बिणीवाले घड्याळ बघून राहिले होते. संध्याकाळी हबरण्याच्या बाजूला पाणथळीवर दुर्बिणीवाले थांबले, की मागून आवाज यायचा, "अजून किती बगळे बघायचे आहेत जी? बगळे आपल्याकडे नाहीत का?" मी गुडघ्यामुळे मधल्या सीटवर. दोन्हीकडून टोमणे माझ्या डोक्यावरून जायचे.

सिगिरियाच्या खडकाला बाराशेच्या आसपास पायऱ्या. मी दगडी सिंहाच्या पंजांपर्यंत गेले आणि तिथेच बसले. बाकीचे काश्यप राजाचा पाचव्या शतकातला महाल बघायला वर गेले. मी बसल्या बसल्या कड्यावरून एक शाहीन ससाणा सुटलेला पाहिला. खाली दरीवर दोन घिरट्या आणि परत कपारीत. दुर्बिणीवाले घाम पुसत उतरले तेव्हा त्यांना सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. बसू दे न बसू दे.

मिन्नेरियाची गोष्ट मात्र निवांत सांगायची आहे.

मिन्नेरियाचं नाव हत्तींसाठी घेतात. ऑगस्ट-सप्टेंबरात सगळीकडचं पाणी आटलं, की या तलावाच्या काठी कोवळं गवत उघडं पडतं आणि शेकडो हत्ती जमतात. आम्ही गेलो फेब्रुवारीत. तलाव तुडुंब. हत्ती एकही नाही. जीपवाल्याने सरळ सांगितलं की या दिवसांत हत्ती हुरुलूच्या जंगलात असतात, तिकडे चला. दुर्बिणीवाल्यांचा पारा चढला, कारण सहल ठरवताना कोणी महिना बघितलाच नव्हता. वाद चालू असताना मी बांधावर जाऊन उभी राहिले.

माझं माहेर अर्जुनी-मोरगावकडचं. आमच्या भागाला तलावांचा जिल्हा म्हणतात. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातले शेकडो तलाव, त्यांना आता सगळे 'मामा तलाव' म्हणतात, माजी मालगुजारीचं ते लघुरूप. लहानपण तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलं. त्यामुळे मिन्नेरियाचा बांध बघून मला परदेशात आल्यासारखं वाटेचना. तीच मातीची लांबलचक पाळ, तसाच वाऱ्याने पाण्याला पडलेला चुण्यांचा पदर, काठाला पाणकावळे पंख वाळवत बसलेले. अय्या शेजारी येऊन उभा राहिला. हा तलाव महासेन राजाने बांधला, सतराशे वर्षं झाली, म्हणाला. तलावाला ते 'वॅव' म्हणतात. मग म्हणाला, राजा नंतर देव झाला. मिन्नेरी देवियो. बांधाजवळच त्याचं देवालय आहे, शेतकरी आजही नवस बोलतात.

माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात बांधला आणि तेही देव झाले. कोलासुर देव. तलावाभोवतीच्या डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. इकडे राजा, तिकडे पाटील. मधे हजारभर मैल आणि चौदाशे वर्षं. एकमेकांचं नाव ऐकायचं कारण नाही. पण ज्याने पाणी अडवलं त्याला लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं, ते दोन्हीकडे सारखंच.

अय्याला मी मोडक्या इंग्रजीत हे सगळं सांगितलं. तो एकदम खुलला. तो अनुराधपुरकडच्या गावातला निघाला, म्हणजे तलावाकाठचाच. त्याने काठीने धुळीत आकृती काढून दाखवली. एकाखाली एक तलावांची माळ, वरच्याचं वाहून गेलेलं पाणी खालचा धरतो. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा ठेवायचा, वाऱ्याने पाणी कमी उडावं म्हणून. त्याच्या खाली गवताचा पट्टा, गाळ अडावा म्हणून. बांधाच्या खालच्या अंगाला पुन्हा झाडी, पाझरातला खार शेतात जाऊ नये म्हणून. आणि बांधाच्या आतल्या बाजूला विहिरीसारखी दगडी चौकट, 'बिसोकोटुव'. तिच्यात पाण्याचा जोर मोडतो आणि मग ते कालव्याला लागतं. आमच्याकडे पाणी सोडायच्या तोंडाला तुडुम म्हणतात. मी 'तुडुम' म्हटलं, त्याने 'बिसोकोटुव' म्हटलं, आणि दोघंही एकमेकांचा शब्द चुकीचा म्हणून दाखवत हसत बसलो.

तेवढ्यात पुढची मंडळी हाका मारायला लागली. जाता जाता मी एवढंच म्हटलं, की तुम्ही ज्याला जंगल म्हणून बघायला आलात ते राजाने खणून घेतलेलं आहे, आणि ज्याला इतिहास म्हणता त्याच्यावर तुमचे हत्ती चरतात. कोणी ऐकलं की नाही कोण जाणे. हुरुलूला सात हत्ती दिसले, दोन पिल्लं धरून, आणि गाडीत शांतता झाली. हत्तीच्या बाबतीत आमच्याकडे आता कौतुकापेक्षा धास्ती जास्त. छत्तीसगडकडून कळप आल्यापासून गोंदिया-गडचिरोलीत धानाची काय अवस्था होते, ते तिथल्या शेतकऱ्यांना विचारा. अय्याच्या गावात रात्री मचाणावर जागतात. तो म्हणाला, वॅव पाहिजे तर हत्तीही येणारच.

जेवणाचं बघू. चौदांपैकी पाच शाकाहारी होते. भात, डाळ म्हणजे 'परिप्पु', कोवळ्या फणसाची भाजी, ओलं खोबरं आणि मिरची वाटून केलेलं लालभडक 'पोल सांबोल'. पाचही जण चार दिवस बोटं चाटून सांबोल खात होते. पाचव्या दिवशी एका हॉटेलच्या आचाऱ्याने सहज सांगितलं, की त्यात वाळवलेल्या माशाचा चुरा असतो. 'उंबलकड' म्हणतात त्याला. जिकडे तिकडे तो असतोच असं नाही, पण बहुतेक असतो. एका काकूंनी तोंड धुतलं, उपास धरला, आणि संध्याकाळी म्हणाल्या, "चव मात्र चांगली होती बाई." शाकाहारी असाल तर 'मांस नको' म्हणून भागत नाही, 'मासा नको, उंबलकड नको' असं स्पष्ट सांगावं लागतं. म्हशीच्या दुधाचं मडक्यातलं दही आणि त्यावर कितुलची काकवी, याला मात्र कसली शंका नको. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. त्याचा रस आटवून अशी काकवी होते, हे मला त्या वयात कळलं.

कँडीला पोहोचलो त्या सुमारास नवम पोया, म्हणजे पौर्णिमा, होती. तिकडे दर पौर्णिमेला सुट्टी. बुद्धाचा दात जपलेल्या दंतमंदिराकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं कमळं घेऊन निघालेली, पोरं, म्हातारी, सगळं गाव. त्या दिवशी देशभर दारू विकत नाहीत, त्यामुळे आमच्यातले दोघं गंभीर झाले होते. आत जाताना गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे हौशी काकांना तीनदा सांगावं लागलं.

हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर पिशव्या तपासतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेष्टनं काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा. आमच्या चिवड्याची पिशवी गेली. चिवडा कागदात बांधून दिला, हे त्यांचं चांगलं. 'वर्ल्ड्स एन्ड'च्या कड्याशी सकाळी लवकर पोहोचायला हवं. आम्ही पोहोचलो तर पांढरं धुकं. बघायला काही नाही.

नानु ओयाहून एल्लाला रेल्वेने. गर्दीत चढताना आमची फाटाफूट झाली. डब्यात टोपली घेऊन "वडे, वडे" असा आवाज आला, तर आमची माणसं नागपूरच्या स्टेशनवर असल्यासारखी धावली. प्रत्येक वड्यावर एक अख्खी कोळंबी चिकटवलेली! एल्लाला उतरून गाडीत बसलो आणि अय्याने मोजलं. "...दहतुन." पुन्हा मोजलं. दहतुन. तेरा. आम्ही त्याच्याबरोबर मोजायचं एकदम बंद केलं. दहा मिनिटांनी बँकेतून निवृत्त झालेले काका प्लॅटफॉर्मच्या टोकाशी सापडले, कागदातले वडे खात, चहाच्या मळ्यांकडे बघत. "फोन का उचलत नाही जी?" तर म्हणे, दोन्ही हात तेलकट होते.

शेवटचे दोन दिवस सिंहराजाचं जंगल. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी इथली झाडं तोडायला लागले होते, लोकांनी विरोध केला आणि १९७७ मध्ये तोड थांबली. १९८८ मध्ये ते जागतिक वारसा झालं. लाकूड वाहायला केलेल्या जुन्या रस्त्यावरूनच आज आपण चालतो. सोबत स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. घरून निघताना त्याने जळवांचे मोजे घालायला लावले, वरून ओला साबण चोळला. तरी माझ्या घोट्याच्या वर एक चढलीच. आधी दोऱ्यासारखी, बघता बघता बोरीच्या बियांएवढी. दुखत काहीच नाही, मोज्यावर ओला डाग दिसला तेव्हा कळलं. तिने रक्त गोठू न देणारा रस आत सोडलेला असतो, म्हणून ती सुटल्यावरही वाहतच राहतं. मी हे समजावून सांगत असताना माझ्या सलवारीवर रक्त ओघळत होतं आणि काकू डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या.

मग वाटाड्याने हात वर केला. थांबा.

आधी एक चिवचिवाट आला. रस्त्याच्या डावीकडच्या झुडपांतून नारिंगी चोचीचे सातभाई, दहा, पंधरा, वीस, पानं उलटीपालटी करत. त्यांच्या वर एक कोतवाल, तुरा असलेला, फांदीवर बसून पहारा करत. सातभाई किडे उठवतात, उडालेले किडे कोतवाल मधल्या मधे टिपतो, आणि ससाणा आला की तोच आधी ओरडतो. त्यांच्या मागोमाग बाकीचे, करडे, निळे, हिरवे. एक लाल तोंडाचा मालकोहा फांदीवरून फांदीवर सरकत गेला. सगळ्यांत वर निळा मॅगपाय, तांबडी चोच, तांबूस-तपकिरी डोकं, आणि शेपूट इतकी निळी की काकूंच्या पैठणीची आठवण झाली. पाच मिनिटं. मग सगळा थवा उजवीकडच्या झाडीत शिरला आणि जंगल गप्प.

दुर्बिणीवाल्यांना दुर्बीण उचलायचं भान राहिलं नव्हतं. देवळंवाल्या काकूंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "हे रोज असेच फिरतात का हो, सगळे मिळून?" वाटाड्या म्हणाला, रोज. काकू म्हणाल्या, "मग भांडत नसतील का?" बँकेतले काका म्हणाले, "कोतवाल आहे ना."

विमानतळावर अय्याने सामान उतरवलं. दर वेळेसारखं आरशात न बघता फुटपाथवर उभं राहून एकेकाकडे बोट करत त्याने मोजलं. आम्ही चौदा जण रांगेत उभे, हातात पासपोर्ट, आणि यावेळी कोणी बरोबर मोजलं नाही. "दहहतर," तो म्हणाला. मी माझ्याकडची भंडाऱ्याच्या हातसडीच्या तांदळाची पुरचुंडी त्याला दिली. ती मी तिकडच्या देवाला वाहायला नेली होती आणि अकरा दिवसांत विसरून गेले होते. त्याने दाणे हातावर घेऊन बघितले, वास घेतला, म्हणाला, "वॅवचं पाणी, अक्का?"

"मामा तलावाचं," मी म्हटलं.